कुडलला किती माणसं झेपतात, ते आत्ताच मोजू या

परवा रविवारी हत्तरसंग कुडलला गेलो होतो. भीमा आणि सीना जिथं एकमेकींना मिळतात, तिथं. लहानपणी वडिलांबरोबर गेलो तेव्हा संगमावर आम्ही चौघं आणि शेळ्या राखणारे एक आजोबा, एवढेच होतो. या वेळी गाड्या लावायला जागा शोधावी लागली. बरं वाटलं हो. चादर आणि शेंगा चटणीपलीकडचं सोलापूर बघायला लोक येतायत.

मग हरिहरेश्वराच्या देवळात गेलो. एकाच शिवलिंगावर कोरलेली 359 मुखं. येणारा प्रत्येक जण त्यांच्यावरून हात फिरवत होता. एका आईनं लेकराला उचलून घेतलं, "हात लाव बाप्पाला" म्हणाली. तिला काय सांगणार? भक्तीच ती. पण जुन्या देवळाचा उंबरा मधोमध खोलगट झालेला असतो, तोही भक्तांच्याच पावलांनी. ही मुखं तर बोटभर खोलीचीही नाहीत.

शेजारी संगमेश्वराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. 'वाछितो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षं ही अक्षरं टिकली, त्यात इथं गर्दी नव्हती याचाही वाटा आहे असं मला वाटतं.

एखादी जागा किती माणसं पेलू शकते, याला धारणक्षमता म्हणतात. ती मोजायची एक रीत सिफुएन्तेस या अभ्यासकानं 1992 मध्ये मांडली. समजा देवळात उभं राहायला 30 चौरस मीटर जागा आहे आणि माणशी 2 चौरस मीटर लागते. म्हणजे एका वेळी 15 जण. देऊळ 10 तास उघडं, प्रत्येकाला 20 मिनिटं, म्हणजे दिवसाला 450. हा झाला कागदावरचा आकडा. त्यातून आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी वजा करा, भीमेला पाणी चढतं ते दिवस वजा करा. शेवटी विचारा, लक्ष ठेवायला माणसं किती? एकच राखणदार असेल तर 450 चे 150 सुद्धा उरणार नाहीत.

तरी नुसत्या आकड्यानं भागत नाही. कठड्याबाहेरून बघणाऱ्या 300 जणांपेक्षा हात फिरवणारे 50 जास्त झीज करतात. फ्रान्समधली लास्कोची गुहा 1948 ला लोकांसाठी उघडली आणि 1963 ला बंद करावी लागली. आदिमानवाची तिथली चित्रं नुसत्या श्वासांनी बिघडायला लागली होती.

"देवाच्या दारात कसली मोजदाद?" असं कुणी म्हणेल. आपलं पंढरपूर बघा. आषाढीला विठ्ठलाचा झोपायचा पलंग काढून ठेवतात, देव रात्रंदिवस उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. देव दमतो, हे आपल्या बापजाद्यांना ठाऊक होतं. आणि लाखो वारकरी गाभाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. नामदेव पायरीला हात लावून, कळसाला हात जोडून परततात. त्यांची वारी कुठं कमी पडते का? दुरून दर्शन घेणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कुडलला मोठा रस्ता, महोत्सव, जाहिराती यायच्या आधी मोजणी व्हावी. मुखांचे फोटो दर वर्षी त्याच अंतरावरून, त्याच उजेडात काढावेत, म्हणजे झीज डोळ्यांना दिसेल. लिंगाभोवती साधा लाकडी कठडा बसवावा. सलग सुट्ट्यांना वेळ ठरवून सोडावं. गावातल्याच चार पोरांना माहिती सांगायचं काम, त्याचा पगार द्यावा. लोक यावेत, भरपूर यावेत, पण एकदम नकोत.

पुढच्या रविवारी सकाळी 8 ते संध्याकाळी 6 मी तिथं बसून माणसं मोजणार आहे. किती आले, किती वेळ थांबले, किती जणांनी हात लावला. वही-पेन आहे, गाडीत तीन जागा आहेत. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून सकाळी 7 ला निघू. कोण येतंय?