तुरळक ठिकाणी

'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिले असेल, त्याला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परभणी जिल्ह्यातल्या माझ्या शेताच्या बांधावर आणून उभे करावे आणि आज पेरायचे की घरी जायचे एवढेच विचारावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. तो काय उत्तर देईल तेही मला ठाऊक आहे. तो म्हणेल, शक्यता आहे.

या 'तुरळक'चा अर्थ मी मुद्दाम शोधून काढला. हवामान खात्याच्या परिभाषेत विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला की तो 'तुरळक ठिकाणी', 26 ते 50 टक्के केंद्रांवर झाला की 'काही ठिकाणी'. म्हणजे चारांपैकी तीन केंद्रे कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो. नांदेडला चिंब झाले, आमच्याकडे धूळ उडाली आणि खात्याच्या वहीत बरोबरची खूण झाली. चुकताच येणार नाही अशी ही वाक्यरचना आहे, आणि माझा सगळा राग त्या रचनेवर आहे. आभाळ कुणाच्या बापाच्या मालकीचे नाही, ते चुकवणारच, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवण्याची गरज नाही.

माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. मृगात आमच्याकडे दोन पाऊस झाले, मिळून 48 मिलिमीटर. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे परभणीचे कृषी विद्यापीठ दर वर्षी कंठशोष करून सांगते, आणि मला ते पाठ आहे. वडिलांनी ढेकूळ हातात घेऊन फोडले, ओल वीतभरही खाली गेलेली नाही हे दाखवले आणि म्हणाले, "आभाळाला काय इचारतूस, ढेकळाला इचार." मी मात्र त्यांना मोबाईल दाखवला. पुढील 5 दिवस जिल्ह्यात चांगला पाऊस, अशा अर्थाचा संदेश त्यात होता; कुणाचा, ते येथे सांगत बसत नाही. शेजारच्या शेतांत ट्रॅक्टर फिरत होते, पेरणी लांबली की उतारा घटतो ही धास्ती होती, आणि त्या संदेशाने उरलासुरला धीर सोडवला. 4 एकरांत 120 किलो सोयाबीन मातीत गेले, सोबत खत गेले, पेरणीचे भाडे गेले. त्यानंतर 19 दिवस थेंब नाही. उगवलेले जमिनीतून डोके वर काढताच करपले, न उगवलेले जागीच कुजले. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणले. तो संदेश आला नसता तर मी वडिलांचे ऐकले असते, आणि ही गोष्ट मला अजूनही झोपेत टोचते. अंदाज नसणे परवडले. अर्धवट अंदाज हातातला शहाणपणा काढून घेतो आणि त्याच्या जागी काहीच देत नाही.

दर एप्रिलमध्ये देशाच्या पावसाचा आकडा जाहीर होतो आणि वर्तमानपत्रे 'बळीराजासाठी आनंदवार्ता' असा मथळा देतात, तेव्हा तर डोकेच फिरते. 2009 मध्ये सरासरीच्या 96 टक्के सांगितले होते, पडला 78. बरे, 2024 मध्ये 106 सांगितले आणि 108 पडला, म्हणजे उत्तम जमले. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण देशभराच्या 87 सेंटिमीटर सरासरीत चेरापुंजीही आहे आणि आष्टी-पाटोदाही आहे. शिवाय जूनमध्ये पाठ फिरवून सप्टेंबरमध्ये सगळे वाहून नेणारा पाऊससुद्धा त्या सरासरीत 'सामान्य' ठरतो. मला माझ्या शिवारातला पुढचा पंधरवडा हवा आहे, तो कुणी देत नाही. मे 2025 मध्ये अंदाजाची चौकट 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आणणारी नवी प्रणाली सुरू झाली, त्याचे स्वागतच आहे. मात्र त्याच्या वर्षभर आधी, जिल्ह्याजिल्ह्यांत बसून पिकानुसार सल्ला तयार करणारी देशातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करून टाकली, याची संगती मला आजवर लागलेली नाही.

हा संताप एकट्या माझा आहे असेही नाही. 2017 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजामुळे पेरण्या वाया गेल्या म्हणून दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध चक्क तक्रार दिली होती. शहरातली माणसे त्यावर हसली. बियाण्याचे पैसे त्यांचे गेले नव्हते.

मोबाईलवरच्या स्वयंघोषित अभ्यासकांविषयी जितके कमी बोलावे तितके बरे. त्यांचा पाऊस 'भाग बदलत' पडतो. पडला नाही तर तुमचा भाग बदललेला नसतो. त्यांच्यापेक्षा पंचांगातला बेडूक आणि गाढव बरे, निदान नक्षत्राचे वाहन म्हणून आलेले गाढव स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घेत नाही.

शेवटी मी प्लास्टिकचे एक पर्जन्यमापक विकत आणून मोकळ्या जागी खांबावर बसवले आणि वही घातली. डाव्या बाजूला आलेला अंदाज, उजव्या बाजूला सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस. जून ते सप्टेंबरच्या 122 दिवसांपैकी 83 दिवस 'शक्यता' होती आणि अडीच मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तो 34 दिवस. त्यांतल्या 9 दिवशी अंदाजात 'कोरडे हवामान' लिहिलेले होते. असाच कोरड्या हवामानाचा निरोप ऑक्टोबरमध्ये आला, म्हणून दुबार पेरणीचे ते सोयाबीन कापून शेतात पसरले. दुसऱ्याच रात्री 82 मिलिमीटर पाऊस झाला, ताडपत्री आणेपर्यंत कवळ्यांखाली पाणी साचले आणि चार दिवसांत शेंगांतून कोंब बाहेर आले.

अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळात 65 मिलिमीटरची नोंद लागते. आमच्या मंडळाचे स्वयंचलित केंद्र माझ्या शेतापासून 11 किलोमीटरवर आहे, आणि त्या रात्री तिथे 41 मिलिमीटर नोंदले गेले. जो पाऊस अंदाजात नव्हता, तो पडून गेल्यावर नोंदीतही नव्हता. मी वही घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी दोन पाने उलटली, अक्षर चांगले आहे म्हणाले, आणि तुमचे पर्जन्यमापक अधिकृत नाही, असे सांगून वही परत दिली.