शिष्यवृत्तीसाठी योग्य बाप कसा निवडावा

सर्वप्रथम अभिनंदन. दहावीला 93 टक्के पाडून तुम्ही आर्ट्स घेतलंत, तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून आता परदेशात जाऊन लिबरल आर्ट्स शिकायचं म्हणताय. लिबरल आर्ट्स म्हणजे काय असं शेजारच्या काकूंनी विचारलंच, तर "एआयमधलंच काहीतरी आहे" म्हणून पुढे सटका. मी एकदा खरं सांगून पाहिलं होतं. इतिहास, तत्त्वज्ञान, थोडं अर्थशास्त्र, आवड असेल तर जोडीला खगोलशास्त्र, इथपर्यंत आलो आणि काकू म्हणाल्या, "म्हणजे बी.ए.च ना? मग ते रुपारेलला नाही का होत?"

होतं. अनुदानित कॉलेजात वर्षाला काही हजारांत होतं. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेजात त्याच गोष्टीला राहण्या-खाण्यासकट वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर पडतात, म्हणजे आपले 70 लाखांच्या आसपास, आणि अशी चार वर्षं. म्हणून शिष्यवृत्ती. या विषयात बोलायचा माझा अधिकार एवढाच, की माझ्या भाचीने हे सगळं करून पाहिलं आणि मामा या नात्याने मी प्रत्येक रांगेत उभा राहिलो.

तर सुरुवात बापापासून. बाप निवडताना मुलं स्वभाव बघतात, ते साफ चूक. फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला बघावा. बऱ्याच सरकारी योजनांची वार्षिक उत्पन्नाची रेषा 8 लाखांवर आखलेली आहे. आमचे भावोजी एका सहकारी बँकेत क्लार्क. त्यांचं वर्षाचं उत्पन्न 8 लाख 14 हजार निघालं. आदल्या वर्षी ते व्यवस्थित गरीब होते, पण मध्ये महागाई भत्ता वाढला. महागाई वाढली की माणूस श्रीमंत होतो, हा सिद्धांत भाचीच्या बारावीच्या अर्थशास्त्रात नव्हता. तो तिला उत्पन्नाच्या दाखल्याच्या खिडकीवर कळला. खिडकीतले गृहस्थ मनाने चांगले होते. कागद परत सरकवत हळहळले, "14 हजारांसाठी गेलं हो. दोन महिने ओव्हरटाइम नसता केला तर?" भावोजी घरी येईपर्यंत गप्प होते. ओव्हरटाइम त्यांनी भाचीच्या सॅट या अमेरिकन प्रवेश परीक्षेच्या फीसाठी केला होता.

समजा, तुमचा बाप रेषेच्या आत बसला. तरी हुरळून जाऊ नका, कारण परदेशी जाण्याच्या बहुतेक सरकारी योजना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी असतात. बारावीनंतर जायचं म्हटलं की समोरचा माणूस तुमच्याकडे न विचारता लग्न ठरवलेल्या मुलीकडे बघावं तसा बघतो. त्याच खिडकीने आम्हाला समजावलं, "ताई, बाबासाहेबसुद्धा बी.ए. इथे करूनच गेले."

मुद्दा बिनतोड. बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजातून 1912 साली बी.ए. झाले आणि 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात 10 वर्षं नोकरीचा करार. तिथे 1916 साली त्यांनी जो निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर होता. आता केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची 2022 ची नियमावली काढून वाचा. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय तिने वगळले. योग्यच केलं. परदेशात बसून आपल्याबद्दल कुणी काही शोधून काढलं, तर ते शेवटी इथेच घेऊन येतो. नसता व्याप! तेव्हा विषय निवडताना आपल्याशी संबंध नसलेला निवडा. नॉर्वेतली मासेमारी चांगली आहे.

सरकार नाही तर दाते. मुंबई ही दात्यांची नगरी. जमशेटजी टाटांनी 1892 साली उच्च शिक्षणासाठी निधी काढला, महिंद्रांचा ट्रस्ट आहे, सेखसरियांचं फाउंडेशन आहे. सगळे चोख आणि सगळ्यांची निवड कडक. तुम्ही फक्त दोन शब्द नीट वाचा. पहिला 'पदव्युत्तर', दुसरा 'कर्ज-शिष्यवृत्ती'. हा दुसरा शब्द मला फार आवडतो. नापास-उत्तीर्ण असा काही शब्द असता तर त्याच्या शेजारी शोभला असता.

ज्ञातीच्या मंडळाला विसरू नका. आमच्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात भाचीला दप्तर, गुलाबाचं फूल आणि 1001 रुपयांचं पाकीट मिळालं. पाकीट हातात यायच्या आधी प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास एमपीएससीवर भाषण केलं. निवेदिकेने "पुढील वाटचाल?" असं माइक पुढे करून विचारलं. भाची म्हणाली, तत्त्वज्ञान. निवेदिकेने टाळ्यांसाठी जरा वाट पाहिली, मग पुढचं नाव पुकारलं.

आता खऱ्या कामाचं, म्हणजे कॉलेजांनी स्वतः दिलेली मदत. विद्यार्थी परदेशी असला तरी प्रवेश ठरवताना त्याची ऐपत बघायची नाही आणि प्रवेश दिला की लागेल तेवढी मदत करायची, अशी अमेरिकेतली कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आहेत, आणि निव्वळ लिबरल आर्ट्सवाल्यांत अ‍ॅमहर्स्ट, बोडन. तिथे फक्त जगभरातल्या हुशार मुलांशी स्पर्धा करायची असते. बाकीच्यांकडे मदत मागितली, की ते प्रवेशाच्या निर्णयातच धरलं जातं. हे त्यांच्या वेबसाइटवर इतक्या मायेने लिहिलेलं असतं, की नकार यायच्या आधीच आपल्याला त्यांची कीव येते.

मदत मागायला सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म आहे. पैसे नाहीत हे पहिल्या कॉलेजला सांगायचे 25 डॉलर आणि पुढच्या दर कॉलेजमागे 16. फी माफही होते, पण त्यासाठी काही कॉलेजांना ईमेल करून कोड मागावा लागतो. म्हणजे फी परवडत नाही हे आधी थोडक्यात कळवायचं आणि मग तेच फॉर्ममध्ये सविस्तर भरायचं.

तो फॉर्म आम्ही एका रविवारी भरायला घेतला. लालबागची 180 चौरस फुटांची खोली. भावोजी दिवाणावर चष्मा लावून, ताई भाडेपावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन, भाची लॅपटॉपवर. पहिल्याच वळणावर गाडी अडली. घर मालकीचं की भाड्याचं?

आता पागडीच्या खोलीला काय म्हणणार? मालकीचं म्हणावं तर मालक गिरगावात राहतो आणि दर महिन्याला 165 रुपयांची पावती फाडतो. भाड्याचं म्हणावं तर भावोजींच्या आजोबांनी गिरणीच्या पगारातून पागडी मोजून दिलेली. पुढचा प्रश्न त्याहून वाईट. आज विकलं तर किती येतील? भावोजींनी खिडकीबाहेरच्या टॉवरकडे बघितलं. आमच्या चाळीच्या रीडेव्हलपमेंटची बोलणी 2009 पासून चालू आहेत, बिल्डरच्या चित्रात त्यांचं घर बाविसाव्या मजल्यावर आहे. त्यांचा आवाज एकदम बदलला. "लिही, 90 लाख."

"अहो," ताई म्हणाली, "मदत मागतोय आपण. स्थळ नाही बघत."

मग पाळी आली दुसऱ्या घराची. गावचं घर आहे. सातबारावर 14 नावं, त्यातली 5 स्वर्गवासी, आणि पडवीतून रस्ता कुणाचा यावर चुलत्यांत बोलणं बंद. दुसरं घर असलेला बाप! अमेरिकेत बसून तो फॉर्म वाचणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल? समुद्र, नारळ, बहुतेक एखादी बोटसुद्धा. फॉर्मच्या शेवटी खास परिस्थिती सांगायला एक चौकट असते. भाचीने त्यात पागडी समजावायला घेतली. पणजोबा गिरणीत लागले इथपर्यंत आली आणि अक्षरं संपली.

आमची सूचना अशी, की गरिबी निवडताना फॉर्ममध्ये मावेल अशीच निवडावी. पागडी, सामाईक सातबारा, आजीच्या नावावरचं रेशनकार्ड असल्या गोष्टी टाळाव्यात.

गंमत म्हणजे हीच 90 लाखांची खोली घेऊन भावोजी शैक्षणिक कर्जाला गेले. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर साधारणपणे तारण लागतं. तिथल्या मॅडमनी पावत्या उलटसुलट केल्या आणि म्हणाल्या, "ही तर तुमची नाहीच." तर खोलीची किंमत कॉलेजला दाखवताना 90 लाख, बँकेला दाखवताना शून्य, आणि तिच्यात राहतात पाच माणसं.

शिफारसपत्रं. तिकडे समजूत अशी, की प्रत्येक शाळेत एक काउन्सेलर असतो आणि तो तुम्हाला लहानपणापासून ओळखतो. भाचीच्या ज्युनियर कॉलेजात एका तुकडीत 120 मुलं. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." लिहून नेलं. सरांनी वाचलं आणि विचारलं, "हे सगळं तू केलंस?" मग पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून जायला हवं, तर त्याचा पासवर्ड निवृत्त झालेल्या हेडक्लार्ककडे. टोरांटो विद्यापीठाची एक चांगली शिष्यवृत्ती आहे, लेस्टर पिअरसन. चार वर्षांची फी आणि राहणं, सगळं. पण विद्यार्थ्याचं नाव शाळेने सुचवावं लागतं. ऑफिसात नॉमिनेशनचं विचारलं, तर शिपाई म्हणाला, "इलेक्शन तर झालं ना?" आणि अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जाच्या मुदती पडतात जानेवारीच्या आगेमागे, ऐन प्रिलिममध्ये. बोर्डाने हे मुद्दाम केलं नसावं.

अर्जासोबतच्या निबंधाला शब्दमर्यादा 650. त्यात दुःख असावं पण रडगाणं नसावं, आणि शेवटच्या परिच्छेदात तुम्ही त्यातून काहीतरी शिकलेले असावेत. अंधेरीचा एक काउन्सेलर पहिली भेट फुकट देतो. त्याने भाचीला विचारलं, घरात काही ट्रॅजेडी? नाही म्हटल्यावर त्याने पेन मिटलं. लोकलची गर्दी हा विषय म्हणे गेल्या वर्षीच जुना झाला. त्याच्याकडच्या एका मुलाने मात्र उन्हाळ्यात एनजीओ काढली होती, वडिलांच्या ऑफिसमध्ये. अशा मुलांना मदतीची गरज नसते, त्यामुळे त्यांना ती मागताही येते.

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती पदवीसाठीही असते, सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांनाही असते, फी माफ, दरमहा खर्चाला येन, पहिलं वर्ष मुख्यतः जपानी शिकायला. हे मी हळू आवाजात सांगतोय, कारण असली सरळ माहिती सेमिनारमध्ये कुणी देत नाही. लेखाच्या सुरात ती बसत नाही हे मला कळतं.

तर भाची सध्या इथेच बी.ए. करते. तिच्या कॉलेजचा परदेशदौरा म्हणजे गेटवेहून लाँचने घारापुरी, डबा आपापला.

पण परदेशाशी संबंध अगदी आलाच नाही असं नाही. अमेरिकेत बी.ए.च्या गरजू मुलांनी थोडा काळ परदेशात शिकावं म्हणून तिथलं सरकारच पैसे देतं. गिलमन शिष्यवृत्ती म्हणतात तिला, 5 हजार डॉलरपर्यंत मिळतात. तिच्यावर आलेली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात शहरातली घरं या विषयावर काम करत होती. कुणीतरी तिला लालबागला धाडलं. तीन दिवस ती चाळीत यायची आणि भाची दुभाषी. आजीने तिला पागडी सांगितली, जिना सांगितला, गिरणी संपाचं वर्ष सांगितलं. भाचीने ते सगळं इंग्रजीत केलं, थांबत, पावत्या दाखवत, मालकाचा हिस्सा कागदावर काढून. पोरगी भराभर लिहून घेत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, तू यावर निबंध का नाही लिहिलास कॉलेजसाठी?

"लिहिला होता," भाची म्हणाली, "चौकटीत मावला नाही."

त्या मुलीला या कामाचे तिकडे क्रेडिट मिळाले. जाताना तिने भाचीला आपल्या कॉलेजची कीचेन दिली. पितळी आहे, जड. खोलीची किल्ली आता तिलाच लावलेली असते.