कॉन्व्हेंटमध्ये पोरं बाटतात म्हणे!

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आमच्या खानदेशात एक मेसेज न चुकता उगवतो. कॅथोलिक शाळांचं खरं ध्येय धर्मांतर, पोरांना येशूची प्रार्थना सक्तीची, कायदे यांना लागू नाहीत आणि हे सगळं आपल्या करातून! यंदा तो आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर आला. खाली काकांचा मला सवाल: ‘पोरले कॉन्व्हेंटमा टाकं का?’ हो, टाकलं. आणि मेसेजही नीट वाचला.

धर्मांतराचं आधी. १९५१ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती सुमारे २.३ टक्के होते. २०११ मध्येही तेवढेच. महाराष्ट्रात तर एक टक्काही नाहीत. इतक्या वर्षांत या शाळांतून किती पोरं शिकून गेली! हा धंदाच असता तर केव्हाच दिवाळं निघालं असतं. यावर कुणीतरी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर-चिंचपाड्याच्या ख्रिस्ती लोकांकडे बोट दाखवतोच. पण तिकडचं जुनं मिशनचं काम मुख्यतः प्रोटेस्टंटांचं, म्हणजे कॅथोलिकांहून वेगळ्या ख्रिस्ती पंथाचं. खानदेशातले कॅथोलिक नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपाच्या हद्दीत मोडतात आणि तो धर्मप्रांतच मुळी १९८७ चा.

शाळांचं ध्येय काय, ते कॅथोलिक चर्चने लपवलेलं नाही. व्हॅटिकन परिषदेचा शिक्षणावरचा जाहीरनामा १९६५ चा आहे. शाळेच्या वातावरणात ख्रिस्ताच्या शिकवणीचा उजेड असावा, असं त्यात सरळ म्हटलंय. पण कुणावर श्रद्धा लादायची नाही, हा त्यांच्याच धर्मकायद्याचा नियम आहे.

प्रार्थनेचा मुद्दा मात्र निम्मा खरा. काही शाळांत परिपाठाला ख्रिस्ती प्रार्थना होते आणि पालकांना कुणी विचारत नाही. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत बसवता येत नाही. तेव्हा चिठ्ठी लिहा, सही करा, द्या. २०२४ मध्ये भारतातल्या कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनेही शाळांना बजावलं की आपल्या परंपरा इतर धर्माच्या मुलांवर लादू नका, परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणा.

करातून? इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक शाळा विनाअनुदानित. फीची पावती काढून बघा, पैसा कुणाचा ते कळेल.

‘कायदा लागू नाही’ यात एकच गोष्ट खरी आहे, आणि मला खुपते तीच. शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, म्हणजे गरीब-वंचित मुलांसाठीच्या त्यातल्या पंचवीस टक्के जागाही बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्यावर शंका घेतली. ही सूट हिंदूंच्या भाषिक अल्पसंख्याक संस्थांनाही मिळते, ते मेसेजवाला सोयीने गाळतो. पण १९६५ च्या त्याच जाहीरनाम्यात गरिबांच्या लेकरांकडे आधी बघा, असा आग्रह आहे. मग कायद्याने सक्ती केली नाही म्हणून स्वतःहून जागा ठेवायला कुणी अडवलंय का?

माझं स्वतःचं भांडणही निराळंच. श्रावणात आमच्या घरी कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी बसली, पोरीने हौसेने मेंदी काढली, आणि सोमवारी शाळेत तिला अर्धा तास उभं केलं. शिस्त म्हणे! मी गेलो. सिस्टरांनी ऐकून घेतलं, नियमाचा कागद पुढे केला. मी म्हटलं, नियम मान्य, पण कानबाई आमच्याकडे कशी बसते ते एकदा बघायला या.

पुढच्या श्रावणात त्या आल्या. कानबाईचा प्रसाद, रोट, दोनदा मागून खाल्ला. मेंदीचा नियम अजून तसाच आहे. पालकसभेत पुन्हा काढणार आहे.