शाळा सुटल्यावरचे दोन तास

"पोरं मैदानावर असली की निम्मी काळजी मिटते," कट्ट्यावर टेकता टेकताच मास्तर म्हणाले.

"मैदानावर शिकतात काय, ते पाहिलंय का कधी?" वकील उसळला. त्याचा मुलगा दोन वर्षं एका संघात होता. "पंचांचं लक्ष नसलं की समोरच्याचा शर्ट ओढायचा, हे खुद्द प्रशिक्षकांनी शिकवलं. घरी येऊन पोरगं मलाच सांगतंय, बाबा, खेळात चालतं हे! मी नावच काढून घेतलं."

मी आइसलँडचा विषय काढला. 1998 साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के महिनाभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायलेली होती. 2016 पर्यंत हा आकडा 5 टक्क्यांवर आला. खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांवर सरकारने भरपूर पैसा घातला होता.

"नुसत्या वर्गांनी नाही हं," ताईने अडवलं. "पालकांनी आपसांत लेखी करार केले, मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहायचं नाही असे नियम कडक पाळले. ते सोडून नुसते वर्ग उचललेस तर हाती काय लागणार?"

बरोबर होतं तिचं. मग तिने महोनी आणि स्टॅटिन यांचा स्वीडनमधला 2000 सालचा अभ्यास सांगितला. चौदा वर्षांची मुलं. ठरलेली वेळ, शिकवणारं मोठं माणूस, काहीतरी हाताला येणारं कौशल्य, असं जिथे होतं तिथल्या मुलांत दांडगाई कमी. जिथे फक्त जमायचं आणि वेळ काढायचा, अशा युवा केंद्रांत जाणाऱ्यांत ती जास्त.

"मात्र केंद्रामुळे मुलं बिघडली की तशीच मुलं तिथे जात होती, हे त्यातून ठरत नाही," तिनेच पुढे जोडलं. हे मला फार आवडलं.

"आणि एकल्स-बार्बर यांचा अभ्यास?" वकिलाने संधी साधली. "1999. अमेरिकेत सांघिक खेळातली मुलं अभ्यासात पुढे, पण दारूतही पुढे!"

मास्तर चिडले. "म्हणून काय घरात कोंडायचं?"

माझं म्हणणं वेगळं आहे. खेळ की नाटक, याने फार फरक पडत नाही. तिथलं मोठं माणूस कसं वागतं आणि मुलावर खरी जबाबदारी आहे का, याने पडतो. मी मुलांच्या नाटकाला मदत करतो. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलाकडून ऐन प्रयोगात खटका चुकला, नायिका अंधारात बोलत राहिली. कुणी ओरडलं नाही. तिने विंगेत येऊन एवढंच विचारलं, "उद्या देशील ना?" दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर. संहितेच्या समासात पेन्सिलीने बाण काढलेले, प्रत्येक बाणाच्या आधीचं वाक्य दोनदा अधोरेखित. 'जबाबदारी' हा शब्द त्याला आम्ही एकदाही ऐकवला नव्हता.

"तुला चांगली माणसं भेटली," वकील म्हणाला. "माझ्या पोराला नाही भेटली."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मास्तरांनी विचारलं, "तो शर्ट ओढताना त्याला कसं वाटायचं रे?"

वकील गडबडला. "विचारलं नाही मी."

"नाव काढताना तरी?"

त्याने मान हलवली. ताई उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "जागा असेल अजून तो. जा घरी."