पांढरे फेविकॉल, उन्हातली डिकी आणि उघडलेला सांधा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गाडीतल्या सबवूफरच्या (खर्जाचा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) लाकडी बॉक्ससाठी साधे पांढरे फेविकॉल पुरते, या माझ्या विधानावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते मऊ पडते, हा पहिला. बारा इंची सबवूफरच्या दणक्यापुढे ते टिकत नाही, तिथे अ‍ॅराल्डाइटच (दोन भाग कालवून लावायचे इपॉक्सी) हवे, हा दुसरा. आपण स्वतः मे महिन्यात सिडकोतल्या सुताराकडून करून घेतलेल्या बॉक्सचा पुढचा सांधा वर्षभरात उघडला आणि त्या वेळी ‘फेविकॉलचा थर नेलपॉलिशसारखा सबंध निघून आला’, हा तिसरा. ‘असे लिहून तुम्ही पोरांचे पैसे वाया घालवता’ असेही आपण शेवटी म्हटले आहे. ते वाक्य बाजूला ठेवतो. बाकीच्या मजकुराला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण आपण जे पाहिले ते खरेच आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा मला पटत नाही.

दणक्याचा हिशेब आधी करू. बारा इंची सबवूफरच्या कोनचे, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या शंकूच्या पडद्याचे, कामाचे क्षेत्रफळ साधारण ४८० चौरस सेंटिमीटर असते. तो कोन एका बाजूला १२ मिलिमीटर सरकला, तर जवळपास ५७५ घनसेंटिमीटर हवा दाबली जाते. बॉक्स बंद प्रकारचा आणि ३० लिटरचा धरला, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो. ४० बाय ३५ सेंटिमीटरच्या पॅनेलवर हा दाब एकूण चाळीसेक किलोचा होतो, आणि १८ मिलिमीटर जाडीच्या चारही कडांच्या सांध्यांवर तो वाटला, की दर चौरस सेंटिमीटरला अवघे दीडशे ग्रॅम येतात. एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या शीटचे) थर एकमेकांपासून उपटून काढायला दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोंच्या आसपास ओढ लागते. पॅनेल थरथरते, ताण सगळीकडे सारखा पडत नाही, कोपऱ्यांवर जास्त येतो, हे सगळे धरून भार पाचपट मानला तरीही अंतर पुष्कळ उरते. नीट बसलेल्या सांध्यात फेविकॉल हे लाकडापेक्षा बळकट असते; तुटायचेच झाले तर आधी एमडीएफ तुटते. त्यामुळे दुप्पट ताकदीचे काही आणून लावल्याने बॉक्स दुप्पट मजबूत होत नाही.

हे कागदावर पटत नसेल, तर एमडीएफचे दोन उरलेले तुकडे काटकोनात चिकटवून, क्लॅम्प (शिकंजा) लावून एक दिवस तसेच ठेवावेत आणि मग हातोडीने तोडून पाहावेत. एका तुकड्यावर दुसऱ्याचा तपकिरी लगदा खरवडून आलेला दिसेल. फेविकॉलच्या थरातून स्वच्छ सुटलेला सांधा दिसला, तर दोष कुठे आहे हे पुढे सांगतो, कारण आपल्या बॉक्सचे नेमके तेच झाले आहे.

आता उन्हाचे. इथे आपला मुद्दा रास्त आहे, पण तो पुरता पाहायला हवा. पांढऱ्या फेविकॉलमधले पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट साधारण ३० ते ४० अंशांच्या टप्प्यात काचेसारखा कडकपणा सोडून किंचित चिवट होते. नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांबाहेर दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत साठ अंशांच्या आसपास तापमान जाऊ शकते. म्हणजे ते मऊ पडते, हे खरे. मात्र अशा मऊपणामुळे सांधा सरकतो तो सततच्या, एकाच दिशेच्या ओढीने. सबवूफरचा दाब सेकंदाला तीस-चाळीस वेळा उलटसुलट होतो, तो सांध्याला एका बाजूला ओढत राहत नाही. सतत ओढणारी गोष्ट वेगळीच असते : बाक आलेले पॅनेल स्क्रूने जबरदस्तीने ओढून सरळ बसवलेले. ते पॅनेल वर्षभर, रात्रंदिवस सांध्याला उघडू पाहते आणि उन्हाळ्यात त्याला संधी मिळते. बाक आलेली शीट घेऊच नये, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुकानात शीट निवडताना तिच्या कडेवरून एक डोळा मिटून पाहायला कुणी मनाई करत नाही.

आणि अ‍ॅराल्डाइट? घरच्या तापमानाला सुकलेले साधे इपॉक्सीसुद्धा ५० ते ६० अंशांच्या टप्प्यात मऊ पडू लागते. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी सहसा याहून कमजोर निघते. त्यामुळे उन्हाच्या कारणासाठी इपॉक्सी घेणाऱ्याला वाटते तेवढा फायदा मिळत नाही, आणि बॉक्सच्या सगळ्या कडांना पुरेल इतके इपॉक्सी घ्यायचे म्हणजे खर्च पुष्कळ वाढतो. त्याचे खरे मोल दुसरीकडे आहे. पांढरे फेविकॉल पाणी उडून सुकते, म्हणून ते आकसते आणि रुंद फट भरू शकत नाही. इपॉक्सी जवळपास आकसत नाही. त्यात बारीक भुसा कालवला की मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फटही ते भरून काढते. निवड करायची ती या कसोटीवर. पॅनेल सॉवर (शीट कापायच्या यंत्रावर) सरळ कापलेल्या, कागदही आत जाणार नाही अशा सांध्याला फेविकॉल. हातकरवतीने किंवा जिगसॉने कापलेल्या वाकड्या कडेला इपॉक्सी. फेस येऊन फुगणारे पॉलियुरेथेनचे चिकटद्रव्य फट भरलेली दाखवते, पण त्या फेसात दम नसतो, तेव्हा त्यालाही क्लॅम्पचा दाब लागतोच.

आपल्याला कुणीतरी फेविकॉल एसआरही सुचवले होते, असे आपण ओझरते लिहिले आहे. ते रबरी आहे, सनमायका आणि बॉक्सवरचा गालिचा चिकटवायला उत्तम. सांध्यासाठी ते वापरू नये. रबर कायम रबरच राहते आणि उन्हात आणखी सैल पडते. गालिच्यासाठीसुद्धा गाडीत उष्णता सोसणारा प्रकार घ्यावा.

उन्हाविषयी इतकी चर्चा होते, पण आपल्याकडे थंडीविषयी कुणी बोलत नाही, याचे मला नवल वाटते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि निफाडकडे तर द्राक्षबागायतदारांची झोप उडते. त्या दिवसांत सकाळी उघड्या शेडमध्ये लावलेले पांढरे फेविकॉल सलग थर न धरता खडूच्या भुकटीसारखे पांढरे सुकते आणि नखाने खरवडले की उडते. नीट सुकलेले फेविकॉल धुरकट पारदर्शक दिसते. हा फरक कडेला ओघळलेल्या थेंबावरून लगेच कळतो. हिवाळ्यात हे काम दुपारी करावे आणि पॅनेलही आदल्या रात्री बाहेर गारठ्यात ठेवू नयेत.

पावसाळ्यात ज्यांच्या डिकीत पाणी शिरते त्यांनी साध्याऐवजी पाण्यात टिकणारे फेविकॉल मरीन घ्यावे. अर्थात एमडीएफच्या उघड्या कडा सील केल्या नाहीत, तर सांधा टिकून शीट फुगेल.

आता आपल्या उघडलेल्या सांध्याकडे येतो. ‘नेलपॉलिशसारखा थर’ हे आपले वर्णन फार उपयोगी आहे. फेविकॉल तापून सुटले असते, तर दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारा, ओरखडे दिसले असते. गुळगुळीत, चकचकीत थर सबंध निघतो, तेव्हा त्या दुसऱ्या कडेत फेविकॉल शिरलेलेच नसते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात, पंख्याखाली, एका पॅनेलच्या चारही कडांना सावकाश लावत बसले, की पहिल्या कडेवर चौथीपर्यंत साय धरते. त्यात एमडीएफची कापलेली कड स्पंजासारखी ओल शोषते. मग दुसरे पॅनेल बसवताना त्यावर ओले काही उरतच नाही. म्हणून कापलेल्या कडेला आधी एक पातळ हात चोळून घ्यावा, तो शोषला गेला की दुसरा हात द्यावा आणि लगेच दाबावे. दाबल्यावर सांध्याच्या पूर्ण लांबीवर मोहरीएवढे थेंब ओळीने बाहेर यायला हवेत. जिथे थेंब नाहीत तिथे फेविकॉल कमी पडले आहे. स्क्रू मारायचे तर आधी बारीक ड्रिल करूनच, कारण एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट घुसवला की ती उभी चिरते. स्क्रूचे काम फेविकॉल सुकेपर्यंत क्लॅम्पसारखे धरून ठेवण्याचे आहे.

आतल्या कोपऱ्यांना सिलिकॉन फिरवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडते, जे तांब्याच्या तारांना आणि जोडण्यांना मानवत नाही, आणि त्यावर पुढे दुसरे काहीही चिकटत नाही. कोपऱ्यांना फेविकॉलचीच जाड रेघ ओढावी किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरावे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत सबवूफर बसवू नये.

आपला बॉक्स टाकून देण्याची मुळीच गरज नाही. सुकलेल्या फेविकॉलवर नवे फेविकॉल धरत नाही, म्हणून तो गुळगुळीत थर पटाशीने आणि मग जाड सँडपेपरने कोरे लाकूड दिसेपर्यंत काढावा. इतके खरवडल्यावर सांध्यात फट पडणारच, तेव्हा तिथे भुसा कालवलेले, सावकाश सुकणारे अ‍ॅराल्डाइट वापरावे. या दुरुस्तीपुरता आपला आग्रह अगदी योग्य आहे. पुढचे पॅनेल बाकलेले असेल तर ते बदलावे. दोन दिवसांनी सबवूफर बसवून ३० हर्ट्झच्या आसपासचा सूर बेताच्या आवाजात लावावा आणि पेटती उदबत्ती सांध्यालगत हळूहळू फिरवावी. धूर जिथे थरथरेल तिथे अजून गळती आहे. तिथे पेन्सिलीने खूण करून, सबवूफर काढून आतून सीलंट भरावे.