क्राकोव्हचा महोत्सव ‘ज्यूंविना देखावा’ आहे काय?

पोलंडमधील क्राकोव्ह शहरात दर उन्हाळ्यात, साधारण जूनअखेरीस, ज्यू संस्कृती महोत्सव भरतो. त्याविषयी एक विधान प्रवासलेखांतून आणि समाजमाध्यमांवरून सर्रास फिरते: शहरात ज्यू उरलेलेच नाहीत, नाझी काळातील क्राकोव्हच्या ज्यूंवरील ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटामुळे येऊ लागलेल्या पर्यटकांसाठी बिगर-ज्यू पोलिश मंडळींनी हा देखावा उभा केला, त्यात गतकाळाचे उमाळे आणि दुकानदारी यांपलीकडे काही नाही. यातील काही भाग खरा आहे, आणि म्हणूनच उरलेला खपून जातो.

चित्रपटाचा मुद्दा तारखा पाहताच निकालात निघतो. पहिला महोत्सव १९८८ साली झाला, म्हणजे पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असताना. चित्रपटाचे चित्रीकरण आणि प्रदर्शन १९९३ मधले. चित्रपटाने पर्यटक आणले हे नाकारण्याचे कारण नाही, पण त्याने गैरसमजही आणले. घेट्टोची, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीची, दृश्ये काझिमिएझ या जुन्या ज्यू वस्तीत चित्रित झाली, त्यामुळे १९४१ मध्ये उभारलेला घेट्टो तिथेच होता असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो विस्तुला नदीच्या पलीकडे, पोदगुझे भागात होता.

महोत्सवाचे संस्थापक यानुश माकुख आणि क्शिश्तोफ गिएरात ज्यू नाहीत, हे मात्र खरे. माकुख तर स्वतःला ‘शब्बेस गॉय’, म्हणजे शब्बाथच्या (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या) दिवशी ज्यूंना निषिद्ध असलेली कामे त्यांच्यासाठी करणारा शेजारी, म्हणवून घेतात. युद्धापूर्वी शहरात सुमारे ६०,००० ज्यू राहत, म्हणजे जवळपास दर चार रहिवाशांत एक. त्यांतील बहुतेक नाझींनी मारले, आणि वाचलेल्यांपैकी व त्यांच्या मुलांपैकी अनेकांना १९६८ च्या सरकारपुरस्कृत ज्यूविरोधी मोहिमेने देशाबाहेर काढले. अशा शहरात आयोजकांच्या वंशावळीवर बोट ठेवणाऱ्यांनी, मग हे काम त्या वेळी कोणी करायला हवे होते, याचेही उत्तर द्यायला हवे.

शिवाय आयोजक कोण आणि कलावंत कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डेव्हिड क्राकाउअर, ‘द क्लेझ्मॅटिक्स’ यांसारखे न्यूयॉर्कचे संगीतकार, सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) प्रार्थना गाणारे खझान, इस्राएलमधील तरुण वादक अशा ज्यू कलावंतांनी हा मंच घडवला आहे.

‘ज्यू उरलेलेच नाहीत’ हेही चूक आहे. त्यांची संख्या थोडी आहे, इतकेच म्हणता येईल. सोळाव्या शतकातील रेमू सिनेगॉगमध्ये आजही प्रार्थना होते. २००८ मध्ये टेम्पल सिनेगॉगच्या शेजारी ज्यू समाजकेंद्र उघडले, आणि कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतर ज्यांना आपली आजी किंवा पणजी ज्यू असल्याचे कळले, अशी माणसेही तिथे शुक्रवारच्या शब्बाथ-भोजनाला येतात. हेच केंद्र वर्षातून एका रात्री काझिमिएझमधील सातही सिनेगॉगांची दारे सर्वांसाठी उघडते, आणि २०१४ पासून आउश्वित्झ-बिर्केनाउ या नाझी मृत्युछावणीच्या जागेहून क्राकोव्हपर्यंतची सायकलफेरीही काढते. या कार्यक्रमांना ‘ज्यूंविना’ म्हणणे धाडसाचे ठरेल.

गतकाळाच्या उमाळ्यांविषयी बोलायचे, तर शेरोका चौकातील समारोपाची मैफल पाहून सबंध महोत्सवाची पारख करणे हे केवळ विसर्जनाची मिरवणूक पाहून गणेशोत्सवावर मत देण्यासारखे आहे. मैफलीला हजारोंची गर्दी होते, पण महोत्सवाचे खरे काम लहान खोल्यांतून चालत आले आहे. तिथे कोणी बोरू धरून हिब्रू अक्षरे उजवीकडून डावीकडे उतरवायला शिकतो, कोणी कागद दुमडून कातरीने सिंह आणि मेनोरा (ज्यूंचा सात शाखांचा दिवा) कोरतो, तर कोणी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीतील, गाण्यांचे उच्चार घोटून घेतो. त्या गाण्यांना या शहराशी परके म्हणता येणार नाही. काझिमिएझमध्ये १८७७ साली जन्मलेले मोर्दखाय गेबिर्तिग पेशाने सुतार होते, यिडिशमध्ये गाणी रचत, आणि जून १९४२ मध्ये याच शहराच्या घेट्टोत गोळी घालून मारले गेले.

दुकानदारीचा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. हातात नाणे धरलेल्या दाढीवाल्या ज्यूच्या लाकडी बाहुल्या पोलंडमध्ये ‘घरात पैसा टिकतो’ म्हणून विकल्या जातात, आणि हा प्रकार किळसवाणा आहे. परंतु ती बाहुली अंधश्रद्धा आणि पूर्वग्रह यांतून आली आहे, महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेतून नव्हे. आक्षेप घ्यायचा तर तो ती विकणाऱ्यांवर आणि विकत घेणाऱ्यांवर घ्यावा. त्यासाठी सुलेखनाच्या वर्गात बसलेल्यांना जबाबदार धरण्याचे कारण नाही.