यशस्वी प्रशिक्षण कसे घ्यावे

गेल्या आठवड्यात पाच दिवस नागपुरातल्या एका सभागृहात बसून 'कृतियुक्त अध्यापन' शिकून आलो. पाचही दिवस हातांना कृती एकच, सही. त्या अधिकारात, आयोजकहो, चार गोष्टी सांगतो.

आधी मुहूर्त. आमच्या विदर्भात उन्हापायी शाळा उशिराच उघडते. लेकरं जरा रुळली की लगेच मास्तर उचला. द्विशिक्षकी शाळेतले दोघेही उचलता आले तर सोन्याहून पिवळं.

कूलर असा हवा की चालू केला तर सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, ऐकू येऊ नये, बंद केला तर जीव जावा.

ज्ञान नेहमी कानगोष्टींच्या खेळासारखं पाठवा: राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने आम्हाला. उमरेड-भिवापूरला पोचेस्तोवर स्लाइड तेवढी शाबूत राहते. आमच्या सुलभकांनी ती आमच्याकडे पाठ फिरवून वाचली. 'व्याख्यान टाळा' हीसुद्धा वाचली! तेही बिचारे आमच्यातलेच. आदल्या आठवड्यात त्यांनाही असंच बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माझ्याकडे पहिली ते चौथी एकाच खोलीत. चौथीतली एक पोट्टी 'क' ओळखते, काना ओळखते, पण 'काका' वाचत नाही. सोमवारी तिच्यासोबत काय करू?" उत्तर आलं, "सर, हे मॉड्यूलमध्ये नाही. चहा घेऊन घ्या." चहा मात्र फक्कड होता, बाप्पा.

फोटोत बॅनर पूर्ण यावा. मास्तर अर्धा चालेल.

चाचणीची उत्तरं ग्रुपवर आधीच टाका, निकाल चांगला लागतो.

शिक्षकाला वर्षाला पन्नास तास प्रशिक्षण, असं 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आहे. ते तुम्ही नेमके मोजता. त्याच धोरणात शिक्षक-शिक्षणावरच्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा 2012 चा हवाला देऊन लिहिलंय की शिक्षक घडवणाऱ्या हजारो संस्था पैसे घेऊन पदव्या विकतात. ते कोण मोजणार? दक्षिण आफ्रिकेत प्रशिक्षणाच्या दोन पद्धती तपासून पाहिल्या. सभागृहातल्या प्रशिक्षणापेक्षा वर्गात येऊन मदत करणारी मार्गदर्शक मुलांच्या वाचनाला जास्त उपयोगी पडली. काहून नाही पडणार? सतरा वर्षांच्या नोकरीत माझा एक तास कोणी पूर्ण बसून पाहिलेला नाही. येता, पोषण आहाराचं रजिस्टर पाहता, शेरेबुकात सही ठोकता, गाडीत बसता.

जरा लाज बाळगा. पाच दिवस माझी शाळा बंद होती. ती पोट्टी अजून 'काका' वाचत नाही आणि तुम्ही माझ्याकडून 'अत्यंत समाधानी' भरून घेता, तेही ओटीपी टाकून.